फुगवट्याच्या काठावरची वावरे

वैनगंगेच्या काठावर शेती करणाऱ्याला पूर दोन तऱ्हेचा असतो. एक समोरून येतो. तो गढूळ आणि ओढीचा असतो, धुरे फोडतो, पाळीवर ठेवलेला मोटारपंप घेऊन जातो आणि एकदोन दिवसांत उतरतो. जाताना कधीकधी वावरात चांगला गाळही टाकून जातो. दुसरा मागून येतो. नदी तुडुंब असल्यामुळे गावाचा नाला आपले पाणी तिच्यात टाकू शकत नाही, मग ते उलटे फिरते आणि पाऊस उघडून ऊन पडलेले असले तरी धानाच्या बांध्या-बांध्यांतून (बांध घातलेल्या तुकड्यांतून) वर चढत राहते. या पाण्याला ओढ नसते की आवाज नसतो. ते आठ-आठ दिवस जागचे हलत नाही आणि हलते तेव्हा रोवलेल्या धानाचा काळा चिखल झालेला असतो. पहिल्या पुराची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. दुसऱ्या पुराची येत नाहीत, कारण त्यात छायाचित्र काढण्याजोगे काही नसते. एक शांत तळे दिसते, इतकेच.

या दुसऱ्या पुराला आपण अजूनही नैसर्गिक आपत्ती म्हणतो. माझ्या मते हा शब्द चुकीचा आहे. आकाशातून पडणारे पाणी निसर्गाचे असेल. पण ते कोणाच्या बांधीत किती दिवस उभे राहायचे, हे बऱ्याच अंशी धरणाच्या दारांची पातळी ठरवते आणि ती पातळी माणसे ठरवतात. जिथे निर्णय आहे तिथे नियम हवा आणि निर्णयाचा भार ज्याच्यावर पडतो त्याला त्याची किंमत मिळायला हवी. आपल्याकडे नियम असला तरी तो काठावरच्या गावाला दिसत नाही, आणि किंमत मिळते ती मदत म्हणून, उपकाराच्या स्वरात.

प्रथम भूगोल पाहू. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिथेच तिच्यावर भीमगड येथे संजय सरोवर आहे. बालाघाटवरून ती आपल्याकडे येते, तिला वाघ नदी मिळते, बावनथडी मिळते आणि कुही तालुक्यातील आंभोऱ्याला कन्हान मिळते. कन्हानबरोबर पेंचचे पाणी येते, म्हणजे तोतलाडोह धरणाने सोडलेलेही येते. हे सर्व एकत्र होऊन पवनी तालुक्यातील गोसीखुर्दच्या भिंतीला टेकते. ३३ दारांच्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. तेव्हा त्याचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता, तो आता कित्येक हजार कोटींवर गेला आहे. त्या कहाणीत शिरण्याची ही जागा नव्हे. पूर्ण संचय पातळी २४५.५० मीटर आहे. फुगवटा, म्हणजे भिंतीमुळे मागे तुंबणारे पाणी, भंडारा शहराच्या आसपास पोचतो आणि कन्हानच्या अंगाने कुही तालुक्यात शिरतो.

आता या धरणाचे कालवे कुठे जातात ते पाहा. उजवा कालवा पवनीहून ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली या बाजूला जातो, जुन्या आसोलामेंढा तलावाला पाणी देतो. डावा लाखांदूरकडे वळतो. अडीच लाख हेक्टर सिंचनाचे जे उद्दिष्ट सांगितले जाते, ते जवळजवळ सगळे भिंतीच्या खालच्या अंगाचे आहे आणि ते स्वाभाविकही आहे, कारण पाणी उतारानेच जाणार. पण त्याचा अर्थ असा होतो की फुगवट्याच्या काठावरच्या शेतकऱ्याला धरणाचे पाणी मिळते ते फक्त नको तेव्हा. जानेवारीत गव्हाला पाणी हवे असते तेव्हा कालवा त्याच्या गावावरून जात नाही. ऑगस्टमध्ये ते न मागता घरी येते. एका प्रकल्पाचा लाभ एका तालुक्यात आणि तोटा दुसऱ्या तालुक्यात अशी वाटणी झाल्यावर दोघांना एकाच हिशोबात बसवणे हे शासनाचे काम असते. ते झालेले नाही.

न मागता येणारे हे पाणी कसले असते, हेही सांगितले पाहिजे. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून फुगवट्याला मिळते. बांधीत थोपणारे पाणी गाळाऐवजी गटाराचा वास घेऊन येते आणि जलकुंभीची पाने धानाच्या ठोंबांत अडकून राहतात. ‘पुराने जमीन कसदार होते’ हे आमच्या आजोबांचे वाक्य या पाण्याला लागू पडत नाही.

जमीन संपादन करताना जी चूक होते, तिच्यापाशी मी थोडा अधिक थांबणार आहे, कारण बाकीचा घोळ तिथूनच सुरू होतो. धरणाची पूर्ण संचय पातळी ठरली की त्या उंचीची रेषा नकाशावर फिरवली जाते. रेषेच्या आतली जमीन बुडीत आणि बाहेरची कोरडी. ही रेषा स्थिर पाण्यापुरती बरोबर असते. पुरात जलाशयाचे पाणी परातीतल्या पाण्यासारखे सपाट राहत नाही. वरून मोठा लोंढा येत असताना भिंतीपाशी पातळी २४५ मीटर असेल, तर मागे नदीच्या अरुंद पात्रात ती त्याहून वर असते, आणि लोंढा जितका मोठा तितका हा चढ अधिक. शिवाय जलाशयात शिरताना नदीचा वेग मंदावतो आणि ती आपली रेती-माती फुगवट्याच्या शेपटाशीच टाकते. पात्र वर्षावर्षाने उथळ होत जाते आणि तेवढ्याच पुराचे पाणी पूर्वीपेक्षा वर चढू लागते. म्हणजे ज्या वर्षी संपादन झाले त्या वर्षीची रेषा वीस वर्षांनी खोटी ठरते. सातबारा मात्र तोच राहतो.

गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला सिरोंचा तालुक्यात हाच प्रश्न आंतरराज्य होऊन बसला आहे. प्राणहिता गोदावरीला मिळते त्याच्या खालच्या अंगाला तेलंगणाने मेडीगड्डा बंधारा बांधला. त्याची ८५ दारे आहेत आणि २१ जून २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तत्पूर्वी, २३ ऑगस्ट २०१६ रोजी, महाराष्ट्राने १०० मीटर पातळीला करारानुसार मान्यता दिली होती. करारात एक आकडा लिहिला गेला, पण तो उभ्या पाण्याचा आकडा होता. जुलै २०२२ मध्ये गोदावरीला महापूर आला तेव्हा पाणी त्या आकड्याचा मान राखून थांबले नाही आणि काठावरच्या शेतकऱ्यांना संपादनाच्या मागणीसाठी आंदोलन करावे लागले. पुढे २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्या बंधाऱ्याचे काही खांब खचले, तेव्हापासून दारे उघडी ठेवावी लागली आणि सिरोंच्याचा प्रश्न तूर्त सौम्य झाला. पूरनियंत्रणाचे धोरण म्हणून बंधाऱ्याचे खांब खचण्याची वाट पाहणे काही शहाणपणाचे नव्हे. दुरुस्ती होऊन दारे पुन्हा बंद होतील तेव्हा तोच १०० मीटरचा आकडा पुन्हा पुढे येणार आहे.

भंडारा, ब्रह्मपुरी आणि देसाईगंज या पट्ट्याला २०२० सालची ऑगस्टअखेर विसरता येणार नाही. मध्य प्रदेशात प्रचंड पाऊस झाला, संजय सरोवरातून विसर्ग सुरू झाला आणि गोसीखुर्दची सर्व ३३ दारे उघडावी लागली. धरणाच्या वरच्या अंगाला भंडारा शहरात पाणी शिरले, खालच्या अंगाला कित्येक गावांना वेढा पडला. वरच्या राज्याचा निरोप वेळेत आला नाही, आला तो पुढे वेळेत पोचला नाही, अशी टीका तेव्हा झाली. सिवनीहून निघालेले पाणी उडत येत नाही. त्याला यायला जितके तास लागतात तितके तास आपल्या हाती असतात. त्या तासांत धरण थोडे आधी रिकामे करता आले असते का, हा प्रश्न मला दोषारोपापेक्षा महत्त्वाचा वाटतो. माझ्या थोरल्या भावाच्या तीन बांध्या त्या वेळी नऊ दिवस पाण्याखाली होत्या. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा पाणी उतरले होते आणि बांधीत हिरवे गवत उगवले होते. दुरून पाहिल्यावर त्याला ते धानच वाटले. आम्ही हसलो, पण ते हसणे फार काळ टिकले नाही.

या परिस्थितीवर ‘नदीकाठी तटबंदी बांधा’ हा उपाय प्रत्येक निवडणुकीत सुचवला जातो. शहराला तो ठीक असेल. शेतीला तो जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण मागून येणाऱ्या पुराचे मूळ नाल्यात आहे. नदीकाठाला उंच बांध घातला आणि नाल्याचे तोंड उघडे ठेवले, तर पाणी त्याच तोंडाने आत येणार. तोंड बुजवले, तर नाल्याचे स्वतःचे पाणी आतच तुंबणार. कोकणात खाडीकाठच्या खारजमिनींवर हा प्रश्न पिढ्यानपिढ्या सोडवला गेला आहे. तिथे बांधात ‘उघाडी’ ठेवतात. भरतीचे पाणी दाबाने दार मिटवते आणि ओहोटी लागली की आतले गोडे पाणी दार लोटून बाहेर जाते. ही सोपी आणि सुंदर युक्ती आपल्या नाल्यांच्या तोंडाशी बसवावी, असे कोणालाही वाटेल. मलाही काही वर्षे तसेच वाटत होते. पण खाडीला दिवसातून दोनदा ओहोटी असते. वैनगंगा चढली की पाच-सहा दिवस उतरत नाही. तेवढे दिवस दार मिटलेले राहिले तर नाल्याच्या पाणलोटात पडलेला पाऊस कुठे जाईल? म्हणून आपल्याकडे उघाडीच्या जोडीला दोन गोष्टी लागतील: पाणी उपसून बांधापलीकडे टाकणारे पंप, आणि नाल्याच्या वरच्या अंगाला पाणी धरून ठेवणारे तलाव. दुसरी गोष्ट आपल्याकडे होती. कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आणि गावोगावच्या बोड्या (लहान तळी) पावसाळ्याचे पाणी अडवीत आणि पाणकर ते हिशोबाने सोडीत असे. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेल्यावर, १९५१ नंतर, तलाव सरकारचे झाले आणि त्यांतला गाळ कोणाचाच राहिला नाही. ते तलाव उपसले तर नाला त्या आठवड्यात कमी पाणी आणील. सिंचनासाठी तलावांचे पुनरुज्जीवन करा, असे सगळेच म्हणतात. पुरासाठीही करा, असे मला म्हणायचे आहे.

समुद्रकाठचे आणखी एक उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण तेही भाताचे आहे. केरळातील कुट्टनाडमध्ये शेती समुद्रसपाटीच्याही खाली होते. पंपा, मणिमला, अच्चनकोविल या नद्यांचे पाणी पावसाळ्यात लवकर समुद्रात जावे म्हणून तोट्टप्पळ्ळी येथे १९५५ मध्ये ४० दारांचा सांडवा बांधला गेला. कागदावर त्याची जी क्षमता होती तिच्या जेमतेम एकतृतीयांश पाणीच तो प्रत्यक्षात नेऊ शकला. एक तर त्याच्याकडे जाणारा प्रवाहमार्ग अरुंद, आणि दुसरे म्हणजे समुद्र दरवर्षी मुखाशी वाळूचा बांध रचून ठेवतो. पावसाळ्यापूर्वी ती वाळू कापावी लागते. कधी कापायची आणि किती, यावर तिथे दरवर्षी वाद होतात. शेतकऱ्याला मुख उघडे हवे असते, मासेमाराला आपला किनारा शाबूत हवा असतो. वाद मिटलेले नाहीत आणि कुट्टनाड बुडायचेही थांबलेले नाही, २०१८ साली तर ते भयंकर बुडाले. तेव्हा आदर्श म्हणून मी ते सांगत नाही. मला तिथली एक गोष्ट हवी आहे. एका बांधाच्या आतल्या सगळ्या शेतकऱ्यांची मिळून ‘पाडशेखरम’ समिती असते. बाहेरचा बांध राखणे, पाणी उपसणे आणि पेरणी कधी करायची ते ठरवणे या गोष्टी ती एकत्र करते. पाणी हे एकेका सातबाऱ्याचे नसते, ते एका खोलगट भागाचे असते, हे त्या रचनेने मान्य केलेले आहे. आपल्याकडे नुकसानही गटनिहाय मोजतात आणि पंपही ज्याचा त्याचा. शेजारच्याने उपसलेले पाणी माझ्या बांधीत आणि मी उपसलेले त्याच्या.

पातळीच्या बाबतीत मात्र मला दूरचे उदाहरण द्यावे लागते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ते वाइहोरा नावाचे उथळ सरोवर आहे. समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये गोट्यांचा बांध आहे आणि पाणी वाढले की भोवतालची शेते बुडतात. हा बांध यंत्राने कापून मुख कधी उघडता येईल, याची पातळी लिहून ठेवलेली आहे: ऑगस्ट ते मार्च या काळात १.०५ मीटर आणि एप्रिल ते जुलै या काळात १.१३ मीटर. शेतकरी, मासेमार आणि तिथले मूळ रहिवासी माओरी यांचे हितसंबंध एकमेकांच्या आड येतात, तरी आकडा सर्वांना ठाऊक असतो. लिहिलेल्या आकड्याशी भांडता येते, तो बदलून मागता येतो. न दिसणाऱ्या आकड्याशी काय भांडणार?

आपल्या धरणांनाही कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची याच्या जलाशय प्रचालन सूची असतात. त्या अभियंत्यांच्या टेबलावर असतात. त्या फुगवट्याकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत मराठीत लावाव्यात आणि त्या ठरवताना वरच्या व खालच्या अशा दोन्ही अंगांच्या गावांचे म्हणणे घ्यावे, ही मागणी अवाजवी आहे असे मला वाटत नाही. पूर्व विदर्भातील मोठे पूर ऑगस्टअखेरही येतात, हे २०२० ने दाखवलेच आहे. तेव्हा तोवर जलाशयात पुरासाठी मोकळी जागा राखणे हा नियमाचा गाभा असावा.

याला एक रास्त आक्षेप आहे. ऑगस्टमध्ये धरण अपुरे ठेवले आणि सप्टेंबर कोरडा गेला, तर सावली-सिंदेवाहीच्या शेतकऱ्याच्या धानाला शेवटचे पाणी कोण देणार? निसवण्याच्या वेळी एक पाणी चुकले तर काय होते, ते धान पिकवणाऱ्याला सांगायला नको. हा आक्षेप मी टाळत नाही. हवामानाचे अंदाज पूर्वीपेक्षा सुधारले असले तरी ते चुकतात, आणि धोका कोणीतरी पत्करावाच लागतो. आज तो पूर्णपणे फुगवट्याकाठच्या माणसाच्या माथी आहे, एवढीच माझी तक्रार आहे. खालच्या अडीच लाख हेक्टरांसाठी धरण भरलेले ठेवणे जर सार्वजनिक हिताचे असेल, तर वरच्या काही हजार बांध्यांनी काही दिवस पाणी धरून ठेवणे ही त्या हिताला दिलेली सेवा ठरते, आणि सेवेला मोल असते.

इथे पैशाचा प्रश्न येतो. सध्याच्या व्यवस्थेत आपत्ती निधीतून मदत मिळते, ती ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झाले तर, ठरावीक क्षेत्रापर्यंत. पीकविम्याची कथा आणखी विचित्र आहे. शेत जलमय झाल्याने झालेले धानाचे नुकसान २०१८ मध्ये स्थानिक आपत्तीच्या यादीतून वगळण्यात आले. पाण्यातल्या पिकाचे पाण्याने किती बिघडले ते मोजणे कठीण, असा त्यामागचा विचार होता. धान पाण्यातले पीक आहे हे खरे, पण ते गळ्यापर्यंतच्या पाण्यातले आहे, डोक्यावरच्या पाण्यातले नाही. ही चूक दुरुस्त करून खरीप २०२६ पासून धानाला हे संरक्षण पुन्हा देण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला, तो स्वागतार्ह आहे. पण विमा हा अनिश्चित गोष्टीचा असतो. जी जमीन दर तीन-चार वर्षांनी बुडणारच आणि तीही आपल्याच निर्णयाने, तिला विमा नको, भाडे हवे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमीन तात्पुरती ताब्यात घेऊन मोबदला देण्याची तरतूद आहे. त्या तत्त्वावर फुगवट्याच्या वरच्या पट्ट्यातील जमिनींशी शासनाने करार करावा. मालकी शेतकऱ्याची, शेती शेतकऱ्याची; पाणी ठरलेल्या पातळीच्या वर किती दिवस राहिले ते मोजून तेवढ्या दिवसांचे भाडे थेट खात्यात. यात पंचनामा लागत नाही. उभी पातळीपट्टी आणि तारीख पुरते.

अशा कराराने शेतकरी मुद्दाम बुडणारी शेती धरून ठेवील, अशी शंका काही अधिकारी बोलून दाखवतात. ती शंका घेणाऱ्याने एकदा ऑगस्टमध्ये कुजलेल्या धानाचा वास घेऊन पाहावा. भाडे ठरल्यावर उलट पीक बदलणे सोपे होईल. सर्वांत खालच्या बांध्यांत स्वर्णा सब-१ सारखे दोन आठवडे पाण्याखाली तग धरणारे वाण लावता येईल, किंवा खरीप सोडून फक्त रब्बीची लाखोळी व हरभरा घेता येईल. आज हे कोणी करीत नाही, कारण खरीप पेरला नाही तर मदतीच्या यादीत नावच येत नाही.

वर्धा आणि इरईच्या काठावर, वणी-चंद्रपूर भागात, पुराचे कारण थोडे वेगळे आहे: कोळसा खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर नदीच्या पूरक्षेत्रात उभे आहेत आणि नदी त्यांना वळसा घालून कपाशी-सोयाबीनच्या वावरांत शिरते. आपल्याकडे पूररेषा आखल्या जातात, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला परवानगी नाही. मातीच्या डोंगराला ती कशी मिळते, हा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे.

पातळी ठरवण्याची बैठक व्हायची झाली तर ती कधी घ्यावी, याबद्दल मात्र काठावरच्या माणसाचे ऐकावे. मे महिन्यात जिल्हा कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा होतो, तेव्हा गावातला माणूस तेंदूपत्त्यावर किंवा लग्नसराईत असतो. जूनमध्ये परे (धानाची रोपे) टाकण्याची घाई असते. रोवणी आटोपत येते तो जुलैचा शेवटचा आठवडा त्यातल्या त्यात बरा. पीक उभे असते, नदी अजून पुरती चढलेली नसते आणि ऑगस्टचा महिना पुढे असतो. बैठक धरणावर नको, नाल्याच्या तोंडाशी जे गाव असेल त्या गावच्या शाळेत घ्यावी. मागच्या पुराची खूण तिथल्या भिंतीवर अजून दिसते, नकाशा न उघडताही पातळी कळते.